खळ्यात निवांत बसायचे असेल तर: डासांना नैसर्गिक उपायांनी दूर ठेवण्याचा क्रम

कोकणातल्या घरी राहायला येणाऱ्या माणसाचे पहिले स्वप्न बहुधा संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसण्याचे असते आणि पहिल्याच आठवड्यात तो पिंडऱ्या खाजवत घरात परततो. आमचेही तेच झाले. पुण्यातली नोकरी संपवून आम्ही दोघे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या कौलारू घरी राहायला आलो, तेव्हा घराची डागडुजी, विहिरीचा पंप, विजेचे मीटर या सगळ्यांची तयारी मी केली होती. डासांची मात्र केली नव्हती. रसायनांची कॉइल किंवा फवारा नको, एवढे आमचे ठरलेले होते. म्हणून पहिल्या पावसाळ्यात मी कडुलिंबाची धुरी केली, कापूर जाळला, लिंबात लवंगा खोचून ठेवल्या, गवती चहाच्या कुंड्या ओळीने मांडल्या आणि तऱ्हेतऱ्हेची तेले अंगाला चोळली. यांतले काही थोडेफार उपयोगी पडले, काही मुळीच नाही. पण माझी खरी चूक क्रमाची होती. अंगाला काय लावावे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि मी तिथूनच सुरुवात केली होती. पाणी, जागा, वारा आणि कपडे ही कामे आधी उरकली, तर तेलाकडे फारसे काम उरत नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणे कोकणातली असली, तरी शेतावरचे घर, शहरातली गच्ची किंवा सोसायटीची बाग यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- चांगल्या उजेडाची विजेरी आणि पाणी काढायला पांढरा मग किंवा वाटी
- नारळाची किशी किंवा कडक ब्रश
- व्हेंट पाइपसाठी आणि पिंपांसाठी बारीक जाळी, तसेच बांधायला सुतळी किंवा तार
- जमिनीलगत ठेवता येईल असा टेबलफॅन आणि वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एखादा छोटा पंखा
- फिक्या रंगाचे सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायमोजे
- मच्छरदाणी
- खोबरेल तेल, सिट्रोनेला (गवती चहाच्या जातीतले एक गवत) तेल, कडुलिंबाचे तेल आणि औषधाचे मापाचे झाकण

यादीतल्या शेवटच्या ओळीवर तुमचा सर्वांत कमी पैसा खर्च व्हावा, असे मी सुचवेन. चांगल्या टेबलफॅनसाठी मात्र हात आखडता घेऊ नका.

१. चावणारा डास कोणता आहे ते ओळखा

माणसाला फक्त मादी चावते, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. नर फुलांतल्या आणि झाडांतल्या गोड रसावर जगतो. पण सगळ्या माद्यांची वेळ आणि जागा एक नसते. ती कळली, की निम्मे काम सोपे होते.

भर दिवसा, विशेषतः सकाळी उन्हे वर येताना आणि सूर्यास्ताच्या आधी, घोट्याभोवती घुटमळणारा, काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हेच डास पसरवतात. पोफळीच्या बागेत, दाट सावलीत, पाठीवर एकच पांढरी रेघ असलेला डास चावला, तर तो याचाच भाऊबंद असतो. एडिस साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि जिथे जन्मतो तिथून साधारण शे-दोनशे मीटरांपलीकडे सहसा जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. दिवसा अंगणात चावणारा डास बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरच्या पाण्यातला असतो.

अंधार पडल्यावर कानाशी गुणगुणणारा तपकिरी डास म्हणजे क्यूलेक. त्याला सांडपाणी, गटार, शौचालयाची टाकी असे घाण पाणी आवडते आणि हत्तीरोगाचा प्रसार त्याच्याकडून होतो. तिसरा ॲनाफिलिस, म्हणजे मलेरियाचा डास, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. भिंतीवर बसताना तो शेपटीकडचा भाग वर उचलून तिरका बसतो. इतर डास भिंतीला समांतर बसतात. विहिरी, टाक्या, नव्या बांधकामावर साठवलेले पाणी, भातखाचरे ही त्याची ठिकाणे.

दोन संध्याकाळी केवळ निरीक्षणात घालवा. किती वाजता चावतात, पायाला चावतात की मानेला, खळ्याच्या कोणत्या बाजूला जास्त असतात, हे कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे पाच ते साडेसहा या वेळेत न्हाणीकडच्या बाजूला सर्वाधिक त्रास होता. हे मी आधी लिहून काढले असते, तर पुढचे दोन महिने वाचले असते.

२. घराभोवतीचे पाणी शोधा आणि दर आठवड्याला मोडा

पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलगी नातवंडांना घेऊन आली होती. मी घमेल्यात शेणी पेटवून त्यावर पाला टाकला, खळे धुराने भरले, मुले खोकून बेजार झाली आणि डास होते तिथेच राहिले. तेवढ्यात शेजारच्या वहिनी केळफूल द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, धूर कशाला करताय? आधी त्या डोणीत बघा.” न्हाणीमागे आमच्या आजोबांच्या काळातली दगडी डोण आहे. पंप आल्यापासून ती कोणी वापरत नव्हते आणि पावसाच्या पाण्याने ती अर्धी भरलेली होती. मी विजेरी मारली. वरून पाणी स्वच्छ, नितळ दिसत होते. नीट पाहिले तेव्हा पृष्ठभागाला शेपटीने टेकून, डोके खाली करून लटकलेल्या असंख्य बारीक अळ्या दिसल्या. माझी सावली पडताच त्या सगळ्या एकदम वळवळत तळाशी गेल्या आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला एकेक करून वर आल्या. मधूनमधून स्वल्पविरामासारखे वाकडे कोष तरंगत होते. म्हणजे मी पुढच्या अंगणातून डास हाकलत होतो आणि मागच्या अंगणात ते वाढवत होतो.

उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. त्या दिवशी साठवणीची सर्व भांडी रिकामी करायची, घासायची आणि सुकवायची. यात घासणे हा शब्द महत्त्वाचा आहे. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि ती कोरड्यात अनेक महिने टिकू शकतात. पाणी नुसते ओतून दिले आणि चार दिवसांनी भांडे पुन्हा भरले, की तीच अंडी फुटतात. डोण उलटी करता येत नाही. म्हणून मी तिच्या तळाच्या भोकातला बोळा काढून पाणी सोडतो आणि आतल्या बाजू किशीने खरवडून उन्हात वाळू देतो.

आता घराभोवती एक फेरी मारा आणि पुढील ठिकाणे एकेक करून तपासा. नवख्या माणसाच्या नजरेतून नेमकी हीच सुटतात.

कौलारू घराच्या पन्हळीत पाला अडकला, की तिथे पाणी तुंबते आणि खालून ते दिसत नाही; शिडी लावून बघावेच लागते. लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचते. फोडलेल्या नारळांच्या करवंट्या उताण्या पडलेल्या असतात. पोफळीची गळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, होडीसारखी पडून पाणी धरते, आणि बागेत अशा कितीतरी विऱ्या असतात. त्या उचलून एका जागी उपड्या रचाव्यात किंवा जाळणात घ्याव्यात. सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या बाजूला रबराची लागवड असेल, तर चीक गोळा करायच्या वाट्या हंगाम संपल्यावर उलट्या करून ठेवल्या आहेत ना, ते पाहावे. शहरातल्या वाचकांनी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कूलर, मनी प्लँटची बाटली आणि गच्चीवरच्या टाकीचे झाकण तपासावे. जुने टायर कुठेही असोत, ते हलवावेत. टायर कसाही फिरवला तरी त्यात पाणी उरतेच.

शौचालयाच्या टाकीचा व्हेंट पाइप हा क्यूलेकचा राजमार्ग असतो. त्याच्या तोंडाला बारीक जाळी तारेने घट्ट बांधा आणि टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा. आमच्याकडचा रात्रीचा त्रास या एका कामानंतर जेवढा कमी झाला, तेवढा दुसऱ्या कशानेही झाला नाही, आणि जाळीला खर्च जवळपास काहीच आला नाही. न्हाणीचे सांडपाणी अळवाच्या वाफ्यात सोडण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण त्या वाफ्यात डबके होता कामा नये. पाणी जिरत नसेल, तर वाळू आणि खडी भरून शोषखड्डा करावा.

जे पाणी मोडता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. न वापरातली विहीर, सिमेंटचा हौद, पाणी साचलेली जुनी चिरेखाण अशा बंदिस्त ठिकाणी हे छोटे मासे अळ्या खातात. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी माशांची पैदास केंद्रे असतात. तिथे चौकशी करावी. मात्र हे मासे वहाळात, नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नयेत, कारण ते मूळचे इथले नाहीत आणि वाहत्या पाण्यातल्या स्थानिक माशांना व बेडकांना त्यांचा उपद्रव होतो. पाण्यावर जळके इंजिन ऑइल ओतण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. ते तेल मातीत आणि शेवटी विहिरीत उतरते.

३. बसण्याची जागा बदला

डास दिवसा सावलीच्या, दमट, वारा न लागणाऱ्या जागी दबा धरून असतात: जास्वंदीच्या झाडोऱ्यात, लाकडांच्या ढिगाआड, पडवीत टांगलेल्या काळ्या इरल्या-घोंगड्यांमागे. आपण खुर्ची मांडतो तीही बहुधा अशाच सावलीत. खुर्च्या झाडोऱ्यापासून काही पावले दूर, खळ्याच्या मधोमध किंवा वाऱ्याच्या वाटेवर ठेवा. बसण्याच्या जागेभोवतीचे गवत आखूड ठेवा. गोठा जवळ असेल, तर त्याच्या आणि आपल्या मधल्या पट्ट्यात बसू नका.

प्रखर पांढरा दिवा डोक्यावर लावू नये. तो डासांपेक्षा इतर किड्यांना जास्त बोलावतो, पण ताटात पडणारे किडे हासुद्धा त्रासच असतो. दिवा थोडा दूर आणि मंद, पिवळसर असावा.

वेळेबद्दल एक साधा हिशोब सांगतो. जूनमध्ये कोकणात सूर्यास्त सातनंतर होतो आणि हिवाळ्यात सहाच्या आसपास. सूर्यास्ताच्या आधीचा तास एडिसचा आणि नंतरचा तास क्यूलेक व ॲनाफिलिसचा. म्हणजे मधल्या तिन्हीसांजेला दोन्ही पाळ्या एकत्र येतात. दिवेलागणीला माणसे घरात येत, याला हेही एक कारण असावे असे मला वाटते. तेवढा वेळ आत घालवून नंतर बाहेर आलात, तरी त्रास पुष्कळ कमी होतो.

४. पंखा पायाशी लावा

सर्व उपायांत लोकांना सर्वांत कमी विश्वासार्ह वाटणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पंखा. डासाचे उडणे कमकुवत असते. जोराच्या वाऱ्यात त्याला अंगावर उतरता येत नाही. शिवाय तो आपल्याला शोधतो ते श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून आणि अंगाच्या उष्णतेवरून, आणि वारा हे सगळे माग विस्कटून टाकतो.

चूक होते ती पंख्याच्या जागेत. आपण पंखा तोंडावर वारा येईल असा ठेवतो आणि डास टेबलाखाली, घोट्यांना चावत राहतात. टेबलफॅन जमिनीलगत, बसणाऱ्यांच्या पाठीमागून किंवा बाजूने पायांवर वारा येईल असा ठेवा. चारपाच माणसे असतील, तर समोरासमोर दोन पंखे लावावेत. अंगणात वायर नेताना ती ओल्या जमिनीवरून नेऊ नका. उघड्यावर विजेचा धक्का बसण्याचा धोका डासापेक्षा मोठा आहे.

५. कपड्यांत कसूर करू नका

घट्ट लेगिंगमधून किंवा अंगाला चिकटलेल्या पातळ टी-शर्टमधून डास आरामात चावतो. कापड आणि कातडी यांत अंतर राहील असा सैल लेंगा, पायजमा किंवा सलवार घालावी. एडिसला गडद रंग लवकर दिसतो. म्हणून पांढरा, फिका पिवळा, राखाडी असे रंग बरे. घोटे हे त्याचे आवडते ठिकाण असल्याने पायमोजे घालून लेंग्याचे टोक त्यात खोचावे. हे दिसायला बरे दिसत नाही, हे मान्य आहे. पण आपल्याच खळ्यात आपल्याला कोण बघायला बसले आहे?

लहान मुलाला बाहेर बाजेवर झोपवायचे असेल, तर त्याच्यावर मच्छरदाणी हाच उपाय, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला तर कोणतेही तेल किंवा मलम लावूच नये. मच्छरदाणीची जाळी घेताना दर चौरस इंचाला सुमारे १५६ छिद्रे असा मापदंड असतो. त्याहून विरळ जाळी घेऊ नये. दाणीचे टोक बाजेखाली लोंबकळत न ठेवता गादीखाली खोचावे आणि बाळाचा हात जाळीला टेकणार नाही एवढी ती मोठी असावी, कारण टेकलेल्या हाताला डास बाहेरून चावतो.

६. धूर करायचाच असेल तर

शेणीच्या निखाऱ्यावर कडुलिंबाचा किंवा निर्गुडीचा वाळका पाला टाकला, की डास पांगतात, हे खरे आहे. गोठ्यात गुरांसाठी ही धुरी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. (कडुलिंब कोकणात तसा कमीच, आमच्याकडे पाला देशावरच्या नातेवाइकांकडून येतो. निर्गुडी मात्र वहाळाकाठी मुबलक असते.) पण उघड्या अंगणात वारा फिरला, की धूर एकीकडे आणि आपण दुसरीकडे. घमेले वाऱ्याच्या बाजूला, बसण्याच्या जागेपासून पाचसात पावलांवर ठेवावे, आणि माणसे बसण्याच्या अर्धा तास आधी धुरी करून विझवावी. धूर निघत असताना त्यात बसणे हा उपाय नव्हे.

पाल्याचा धूर नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडून द्या. फुफ्फुसाला धूर कशाचा आहे याने फारसा फरक पडत नाही. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून सुटतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. शेणीचे घमेले मोजायला कोणी बसले नसेल, पण घरात दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असेल, तर ही पायरी सरळ गाळा.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे ‘हर्बल’ डास-अगरबत्ती. पहिल्या वर्षी बाजारातून आणलेल्या अशा एका पुड्यावर हिरवे पान होते, तुळस-कडुलिंबाची नावे होती, आणि उदबत्ती लावल्यावर पाच मिनिटांत पडवीतले डास पटापट पडले. तुळशीच्या धुराने डास मरत नाहीत. पडले, तर आत काहीतरी दुसरे आहे, असे समजावे. डास मारण्याचे उत्पादन विकायला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते आणि वेष्टनावर सीआयआर क्रमांक (नोंदणीचा क्रमांक) व क्रियाशील घटकाचे नाव छापावे लागते. दोन्ही नसतील, तर तो पुडा घरात आणू नये.

कापूर उघड्यावर जाळून फारसा उपयोग होत नाही. तो क्षणात उडून जातो. कापराच्या वड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, कारण लहान मुलाने थोडासा कापूर गिळला तरी झटके येण्यापर्यंत विषबाधा होऊ शकते.

७. अंगाला लावायचे तेल: माप, वेळ आणि मर्यादा

आता तेलाकडे येऊ. वनस्पतिजन्य तेले काम करतात, पण थोडा वेळ. त्यांचा वास उडून गेला, की परिणामही संपतो. म्हणून ‘एकदा लावा, रात्रभर निश्चिंत राहा’ असे ज्या बाटलीवर लिहिले असेल, तिच्यापासून दूर राहणे बरे.

आम्ही वापरतो ते मिश्रण असे आहे: १०० मिली खोबरेल तेल, त्यात ५ मिली सिट्रोनेला तेल आणि २ मिली कडुलिंबाचे तेल. मापासाठी औषधाच्या बाटलीचे झाकण वापरावे. अंदाजाने ओतू नये. बाटली गडद रंगाची असावी आणि वापरण्याआधी हलवून घ्यावी. कडुलिंबाचा वास उग्र असतो आणि पाहुण्यांना तो आवडत नाही. त्यांच्यासाठी कडुलिंब वगळून दुसरी बाटली ठेवावी. तेल उघड्या राहणाऱ्या सर्व भागांवर पातळ आणि सलग लागले पाहिजे, कारण चार बोटे जागा सुटली, तर डास नेमका तिथेच बसतो. घाम येत असेल, तर दर तासाला पुन्हा लावावे.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून २४ तास वाट पाहावी. हे मी सांगतो आहे, कारण मी ते केले नव्हते. सिट्रोनेला तेल न मिसळता तसेच दोन्ही हातांना चोळून मी बाहेर बसलो आणि सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते. ते जायला आठवडा लागला. कोणतेही सुगंधी तेल थेट कातडीवर लावू नये. तेवढीच वाईट गोष्ट म्हणजे अंगाला लिंबू चोळून उन्हात जाणे. लिंबाच्या रसावर ऊन पडले, की कातडी भाजल्यासारखी होते आणि तिचे काळे डाग कितीतरी आठवडे राहतात.

निलगिरीच्या नावाने होणारी गफलत तर जवळपास सर्वांची होते. परदेशी लेखांत ज्या निलगिरीची डासांसाठी शिफारस असते, ती लिंबाच्या वासाची वेगळी जात आहे, आणि तिच्या तेलावर प्रक्रिया करून मिळवलेला पीएमडी हा घटक खरोखरच काही तास टिकतो. आपल्याकडे सर्दीसाठी मिळणारे निलगिरी तेल ते नव्हे. ते हुंगायला ठीक, पण डासांसाठी त्यावर भिस्त ठेवू नये. पीएमडी असलेले तयार उत्पादन घ्यावे, त्यावरची मात्रा वाचावी, आणि तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये. कडुलिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेले तर विषारी ठरते. तीही बाटली उंच फळीवर हवी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावात डेंग्यूचे किंवा मलेरियाचे रुग्ण निघाले असतील, घरात कोणी गरोदर असेल किंवा रात्रभर उघड्यावर राहायचे असेल, तर केवळ घरगुती तेलावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून डीईईटी किंवा पिकारिडिन हा डास दूर ठेवणारा घटक असलेले मलम वापरा. आम्ही दोघेही, नैसर्गिक उपायांचा एवढा हट्ट असून, गावात साथ असते तेव्हा तेच वापरतो.

८. पैसे कशावर घालवू नयेत

तुळस, झेंडू, गवती चहा, सिट्रोनेला यांच्या कुंड्या सुंदर दिसतात, पण झाड नुसते उभे राहून डास पळवत नाही; पाने चुरगळून अंगाला चोळली, तर काही मिनिटे वास टिकतो, इतकेच. उलट कुंडीखालच्या ताटलीत डास वाढतात. कानाला ऐकू न येणारा आवाज सोडणारी यंत्रे आणि मोबाइलमधली तशी ॲप्स निरुपयोगी आहेत. निळ्या दिव्याच्या सापळ्यांत पतंग आणि इतर निरुपद्रवी किडे मरतात, डास फार थोडे. लसूण किंवा बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन डास दूर राहत नाहीत. लिंबातल्या लवंगांबद्दल मी काही बोलत नाही. आमच्याकडे त्या लिंबावरच डास बसलेला मी पाहिला आहे.

९. मुक्कामाला बाहेर जाताना

तंबू पाण्यापासून दूर, थोड्या उंचावर, वारा असलेल्या जागी लावा. सरोवराच्या अगदी काठावरचा तंबू फोटोपुरताच चांगला. तंबूची चेन संध्याकाळी पाचनंतर उघडी राहू देऊ नका आणि आत जाण्यापूर्वी दिवा बंद करा. उन्हाचे मलम लावायचे असेल, तर ते आधी, आणि डासांचे तेल त्यानंतर.

मेअखेरीस आणि जूनच्या पूर्वार्धात भंडारदरा किंवा पुरुषवाडीकडे काजवे पाहायला जाणार असाल, तर तिथे धुरी, कॉइल किंवा फवारा यांपैकी काहीही वापरू नका. काजवाही कीटकच आहे, आणि आपण त्याच्या विणीच्या हंगामात त्याच्या घरी गेलेलो असतो. तिथे पूर्ण कपडे, पायमोजे आणि मुक्कामाच्या जागीच लावून घेतलेले तेल एवढ्यावर भागवावे.

१०. चावल्यानंतर, आणि ताप आला तर

चावलेली जागा गार पाण्याने धुवा, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, नखाने खाजवू नका; खाजवून झालेली जखम पावसाळ्यात लवकर चिघळते. झोपण्यापूर्वी अंगावरचे तेल साबणाने धुऊन टाका.

ताप आला, तर मात्र घरगुती काढे करत बसू नका. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांत येतो आणि मलेरियाला बहुधा त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून मागच्या दोनतीन आठवड्यांत कुठे मुक्काम होता, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियासाठी रक्ताची तपासणी मोफत होते, आणि गावातल्या आशाताईंना कळवले, तर पुढचे मार्गदर्शन त्या करतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रुग्णाला पहिले काही दिवस दिवसाढवळ्याही मच्छरदाणीतच झोपवा. त्याला चावलेला डास घरातच राहतो आणि आठदहा दिवसांनी तोच दुसऱ्या कोणाला तरी चावतो.